पोरं सांभाळणारी मुलगी

अंथुर्णे, ता. इंदापूर

चि. सोनूस,


तुझं पत्र वाचलं. आपल्याकडची एखादी शहाणी, बारावी झालेली मुलगी वर्षभर तुमच्याकडं श्टुटगार्टला येऊन राहील का, असं विचारलंयस. थोरल्याला शाळेतून आणायचं, धाकटीला सांभाळायचं, घरात मराठी बोलायचं. तुझ्या आईचे, म्हणजे आमच्या ताईचे, व्हिसाचे नव्वद दिवस संपले आणि ती परत आली. आता तुझ्या सासूबाई येतील, त्यांचेही संपतील. आज्या अशा पाळीपाळीनं किती वर्षं पुरणार, हे तुझं म्हणणं खरं आहे. तुझी ओढाताण मला इथूनही कळते, म्हणून नीट चौकशी करूनच लिहिते.

पहिलं म्हणजे, हे कायद्यात बसत नाही. शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी बारामतीला जर्मन शिकायला जाते. ए-वन परीक्षा पास झाली. तिला आधी वर्षभर ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या घरी राहून पोरं सांभाळत भाषा शिकायला, जायचंय आणि मग तिकडंच नर्सिंग शिकायचंय. तिच्याकडचे सगळे कागद आम्ही दोघींनी ओसरीवर बसून वाचले. ज्या घराची मातृभाषा जर्मन आहे, त्या घरी तिला जाता येतं. आईबापांची मातृभाषा वेगळी असून घरात जर्मन बोलत असतील, तरीही जाता येतं. पण मग मुलगी त्या आईबापांच्या मूळ देशातली असून चालत नाही. तुमच्या घरात तर मराठी. म्हणजे दार बंदच.

तुला हा नियम आडमुठा वाटेल. मला तो पटला. ही मुलगी तिथली भाषा शिकायला, तिथलं घर बघायला जाते. त्या बदल्यात पोरं सांभाळते. इंदापूर तालुक्यातली मुलगी तुमच्याकडं आली, तर वर्षभर मराठी बोलेल, तुम्हाला भाकरी थापून घालेल आणि होती तशी परत येईल. तुमची सोय होईल. तिचं काय?

बाकीचे नियम वाचताना तर मला फार बरं वाटलं. दिवसाला सहा तास, आठवड्याला तीस. त्यापुढं काम नाही. आठवड्यात दीड दिवस सुट्टी. स्वतंत्र खोली. महिन्याला २८० यूरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी ७० यूरो वेगळे, शिवाय विम्याचा खर्च यजमान घराचा. वयही ठरलेलं, अठराच्या पुढं आणि सत्तावीसच्या आत. युरोपातल्या देशांनी १९६९ साली स्ट्रासबूर्गला याचा करार केला होता. तिथंही सगळीकडं ठीक चालतं असं नाही. या मुली स्वस्तातल्या मोलकरणी होऊन बसल्या, अशी टीका नॉर्वेत वर्षानुवर्षं होत राहिली आणि २०२४ मध्ये त्या देशानं ही योजनाच बंद केली. पण निदान लिहून तरी ठेवलंय, की पोर सांभाळणाऱ्या मुलीचे तास मोजायचे असतात.

आता ताईनं जो मार्ग सुचवला, त्याविषयी. ताई म्हणते, भावकीतलीच एखादी मुलगी पाहुणी म्हणून न्यायची, घरचीच आहे म्हटल्यावर कोण विचारतंय? सोनू, माझा याला स्पष्ट नकार आहे. पाहुण्यांच्या व्हिसावर काम करता येत नाही, हे तर झालंच. पण खरी भीती मला त्या ‘घरचीच’ची वाटते. घरच्या मुलीला सुट्टी नसते. रात्री धाकटी रडली तर तीच उठणार. पाहुणे आले तर तीच चहा टाकणार. पैशाचा विषय काढणं तिला जड जाणार आणि तुम्हालाही. भाषा येत नाही, पासपोर्ट तुमच्या कपाटात, नात्यातलं घर म्हणून तक्रारही करता येत नाही. तू वाईट वागशील असं मी म्हणत नाही. तू मनानं किती चांगली आहेस ते मला माहीत आहे. पण चांगल्या माणसांच्या घरातही घड्याळ लागतं.

माझं आयुष्य अंगणवाडीत गेलं, म्हणून हे इतकं तळमळीनं लिहिते. छत्रपती साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात. कोपीत उरतात लहानगी, आणि त्यांना राखायला आठ-दहा वर्षांची बहीण. अशी एक मुलगी माझ्या अंगणवाडीच्या दारात यायची. कडेवर भाऊ, तोही चांगला जड, त्यामुळं ती एका अंगानं कललेली असायची. आत ये म्हटलं तर यायची नाही, कारण भाऊ रडला तर बाई ओरडतील. उंबऱ्याशी बसून त्याला मांडीवर निजवायची आणि मोकळ्या हाताच्या बोटानं फरशीवरच्या धुळीत, आतली मुलं गिरवत असलेलं अक्षर काढायची. भाऊ हलला की बोट थांबायचं. तिच्या वयाच्या मुलीला शाळेचा वर्ग हवा होता आणि ती अंगणवाडीच्या उंबऱ्यावर अडकली होती. हंगाम संपला, टोळी गेली. पुढच्या वर्षी दुसरी टोळी, दुसरी मुलगी, तसंच कडेवरचं पोर.

दुसऱ्याच्या घरात चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. बहिणीनं भावाला सांभाळणं मात्र काम म्हणून कुणी मोजतच नाही. ताराबाई मोडकांनी ते मोजलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या, तेव्हा आदिवासी पाड्यांवर त्यांना हेच दिसलं, की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंड असतं. मग ताराबाई आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. भावंडाला तिथंच ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. आमच्या नोकरीत ‘अंगणवाडी’ हे नाव ज्यांच्यामुळं आलं, त्यांना हे सुचलं याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडं २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची सरकारी योजना सुरू झाली, पण त्यातली पाळणाघराची बाजू अजूनही लंगडीच आहे.

मोजलं न जाणारं काम मोठ्या बायकांचंही असतं. तुला आठवतं का, २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला आपल्या वकिलातीतल्या एका मराठी अधिकारी बाईंना अटक झाली होती? घरकामाला नेलेल्या बाईच्या व्हिसाच्या कागदांत पगार खोटा दाखवल्याचा आरोप होता. त्यांना जी वागणूक मिळाली तिचा संताप यायलाच हवा होता, आणि इथं गावागावांत तो आलाही. पण त्यांच्या घरात राबणाऱ्या बाईला खरंच किती मिळत होतं, हा प्रश्न आपल्या बैठकांत मी एकदाही ऐकला नाही. मला तेव्हापासून तो सलतो.

मग तू करायचं काय? तिथं वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा २०१३ पासून हक्क आहे, जागा कमी असल्या तरी. लेखी अर्ज दे, लेखी उत्तर माग. बालक कार्यालयाचा परवाना असलेल्या ‘टागेसमुटर’ असतात ना, एका वेळी पाचापर्यंतच मुलं घेणाऱ्या, त्यांच्याकडं जाऊन बघ. आणि जावईबापूंना माझा निरोप दे. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत बापालाही नोकरी शाबूत ठेवून रजा घेता येते आणि त्या काळात कमी तासांचं कामही करता येतं. तुझ्या चार पानांच्या पत्रात त्यांच्या रजेबद्दल एक ओळ नाही. आज्यांच्या पाळ्या लावण्याआधी त्यांची पाळी यायला हवी.

मराठीची काळजी करू नकोस. तुमच्या दुपारी इथं संध्याकाळ असते. रोज फोन लाव, थोरल्याला गोष्ट मी सांगेन. तो कंटाळेल, पळून जाईल, परत येईल. मुलं अशीच ऐकतात.

आता माझं एक काम. शेजारची ती मुलगी पुढच्या वर्षी निघेल. कुठल्या घरी जाईल ते अजून ठरलेलं नाही, तुझ्यापासून लांबही असेल. तिचा नंबर तुला पाठवते. तास वाढवले, वर्ग चुकवायला लावला, तर तिनं पहिला फोन कुणाला करायचा, ते तिला निघण्याआधी माहीत असू दे. पासपोर्ट स्वतःजवळच ठेवायचा, हे तूही तिला एकदा सांग. माझं ऐकून ती नुसती मान हलवते. जमलं तर सुट्टीत तिला घरी बोलव, पोटभर पिठलं-भाकरी घाल. ती आपण होऊन उठेलच, पण तिला ताटं उचलू देऊ नकोस आणि धाकटीला तिच्या कडेवर देऊ नकोस.

थोरल्याला नि धाकटीला पापे.

तुझी,
मावशी