आगोट

उरणजवळच्या करंजापासून खाली श्रीवर्धनपर्यंत, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वैशाखाचे ऊन ऐन भरात आले, की घरोघरी एक शब्द वारंवार कानी पडू लागतो. तो शब्द म्हणजे ‘आगोट’. पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात, आणि त्या दिवसांसाठी जे भरून ठेवायचे त्यालाही आगोटीचे सामान म्हणतात. बोंबील, जवळा आणि सोडे अंगणात शेवटचे ऊन खात पडतात. कडवे वाल डब्यांत जातात. आमसुले बरणीत जाऊन बसतात. आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घराच्या वाशांना लोंबू लागतात.

नेमक्या याच दिवसांत एखाद्या ओटीवर आजोबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत असतात. सोने चढले, शेअर बाजार उसळला, रिझर्व्ह बँकेने व्याजाचा दर पाव टक्क्याने उतरविला. ‘पाव टक्का’ हे शब्द ते अशा गांभीर्याने उच्चारतात, की ऐकणाऱ्याला ते पावशेर सोनेच वाटावे. आतून आजी विचारतात, “अहो, त्या पाव टक्क्यात कांद्याच्या माळा किती येतील?” आजोबा चष्मा पुसू लागतात.

आजींचा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते, तो दर उतरला की बँकांकडून कर्ज काढणाऱ्यांचे व्याजही हळूहळू उतरू शकते. समजा, एखाद्या नाखव्याच्या डोक्यावर बोटीचे चार लाख रुपये कर्ज आहे. त्याच्या व्याजाचा दर पाव टक्क्याने खाली आला, तर वर्षाला सुमारे १००० रुपये वाचतात. एवढ्या रुपयांत कांद्याच्या काही माळा खास येतील! मुंबईत ठरलेला पाव टक्का अशा रीतीने समुद्र ओलांडून वाशाला येऊन लटकतो. फक्त आजोबांनी भागाकार करावयास हवा.

या काटकसरीला कारणही तसेच आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, आणि अनेक जातींच्या माशांचा प्रजननाचा काळही तोच असतो. म्हणून १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी ठरलेली आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. तांडेल आणि खलाशी जाळी दुरुस्त करीत बसतात. समुद्र सुट्टीवर जातो, परंतु बोटीच्या कर्जाचे व्याज सुट्टीवर जात नाही. त्यातच जूनमध्ये शाळा उघडते! वह्या, गणवेश, छत्री, नवे दप्तर या साऱ्यांना नेमका तोच महिना सापडतो, ज्या महिन्यात घरात एक पापलेटही येत नाही. शाळेचा आणि समुद्राचा हा वैरभाव कोणी मुद्दाम योजिलेला नाही. पण ज्या घरात दोन मुले शाळेत जाणारी असतात, त्या घरच्या आईला तो योजल्यासारखाच वाटत असला पाहिजे.

यावर बायकांनी शोधून काढलेला एक उपाय म्हणजे भिशी. तिच्यासाठी इमारत लागत नाही, खिडकी लागत नाही. चिवड्याचा रिकामा डबा पुरतो. दहाजणी मिळून दरमहा प्रत्येकी ५०० रुपये काढतात. जमलेले ५००० रुपये त्या महिन्यात एकीला मिळतात. कोणाला, हे डब्यातील चिठ्ठी सांगते. एकदा चिठ्ठी निघाली, की तिचे नाव पुन्हा डब्यात पडत नाही. पैसे मात्र दहाव्या महिन्यापर्यंत भरावेच लागतात. बँकेच्या भाषेत बोलावयाचे, तर पहिल्या बाईला बिनव्याजी कर्ज मिळते आणि शेवटची बिनव्याजी ठेव ठेवते. तरीही शेवटची रुसत नाही, कारण तिच्या हाती एकदम ५००० रुपये येतात, आणि हेच पैसे घरच्या डब्यात ठेवले असते तर ते कधीच कोणाच्या तरी खिशात गेले असते, हे ती पुरते जाणून असते.

खरी गंमत मे महिन्यात. कार्तिकात चिठ्ठी निघाली तर “असू दे” म्हणणाऱ्या साऱ्याजणी मेमध्ये डब्याकडे अशा टक लावून पाहतात, की त्या कागदाच्या तुकड्यालाही घाम फुटावा. पण एखादीच्या घराचे छप्पर गळत असेल, तर कित्येकदा चिठ्ठी उघडण्यापूर्वीच बाकीच्या एकमेकींकडे पाहतात आणि डबा तसाच तिच्या पुढे सरकवतात. असा नियम कोणत्या बँकेच्या पुस्तकात असेलसे वाटत नाही.

खर्चाची बाजू पाहावयाची असेल, तर मासळी बाजारात जावे. तेथे बारीक मासळी अजून वाट्यावर विकली जाते. “मावशी, वर दोन टाका,” असे म्हटल्याखेरीज गिऱ्हाईक हलत नाही, आणि ते दोन मासे टाकताना आपले मोठे नुकसान होत असल्याचा चेहरा केल्याखेरीज मावशीही ते टाकीत नाही. वास्तविक ते दोन मासे तिने आधीच हिशेबात धरलेले असतात. अलीकडे टोपलीशेजारी मोबाइलने पैसे घेण्याचा चौकोनी ठिपक्यांचा कागद आणि जमा रक्कम ओरडून सांगणारी एक छोटी पेटी आली आहे. तिच्यामुळे कोणी पापलेटवर किती खर्च केला, हे आता अख्ख्या बाजाराला कळते. घरी थोडा कमी भाव सांगण्याची जुनी सोय त्यामुळे बुडाली, याबद्दल हळहळणारी मंडळी कमी नाहीत!

या किनाऱ्याने नाणी तरी किती पाहिली! आंग्र्यांच्या काळात येथे अलिबागी रुपया चालत असे. रुपयाचे सोळा आणे असत. आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्या वेळी एका आण्याचे ६ पैसे, पण तीन आण्यांचे १९ पैसे धरीत. एकेक आणा तीनदा दिला तर १८, एकदम दिले तर १९! गणितात कच्चे म्हणून बोलणी खाणारी मुलेही हा एक पैसा चुकू देत नसतील.

रुपयाचा सर्वांत मोठा जाणकारही याच जिल्ह्याने दिला. महाडजवळच्या नाते या गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्रीही झाले. ज्यांची सही नोटांवर उमटत असे, त्याच गृहस्थांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत अनुवाद केला. पैसा आणि मेघ या दोहोंचे मोल जाणणारा माणूस आगोटीच्या मुलखात जन्मावा, हे अगदी शोभून दिसते.

श्रावणात नारळी पौर्णिमा येते. समुद्राला नारळ अर्पण होतो आणि होड्या पुन्हा दर्यात लोटल्या जातात. पहिली मासळी किनाऱ्याला लागते, लिलाव होतो, नाखव्याच्या हाती नोटा येतात; तो त्या मोजून संपवीत नाही तोच डिझेलवाला, बर्फवाला आणि वाणी आपापल्या वह्या घेऊन अदबीने उभे राहतात. घरी त्याची बायको वाशाला उरलेली शेवटची माळ खाली काढते आणि भिशीचे पाचशे रुपये बाजूला ठेवते.