गाडीखालचे हवेचे फुगे



वर्षभर बाग जपायची, तेल्याशी झगडायचे, वेळप्रसंगी टँकरने पाणी घालायचे, आणि हाती आलेले फळ शेवटच्या दहा किलोमीटरांत गाडीत आपटून डागी करायचे, हा व्यवहार आपल्या सोलापूर जिल्ह्यात नवा नाही. खतांविषयी, फवारणीविषयी आम्ही विस्तार अधिकारी तुमच्याशी पुष्कळ बोलतो. बांधापासून डांबरी सडकेपर्यंतच्या वाटेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. बी.एस्सी. ॲग्री झालेल्या माणसाने मेकॅनिकच्या कामात कशाला लुडबूड करावी, असे तुम्ही म्हणाल. पण माल गाडीत चढला तरी तो शेतकऱ्याचाच असतो. पट्टी हातात पडेपर्यंत शेती संपत नाही.

आपल्या डाळिंबाचे नाव आज मोठे आहे. केगावला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच निघाली आणि सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. पण रेल्वे असो वा कंटेनर, फळाला आधी पाणंदीतून बाहेर यावे लागते. काळ्या रानातली वाट पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगडासारखी चाकोरी. फळाचे खरे हाल तिथेच होतात.

हा प्रश्न वाडवडिलांनाही होता. लाकडी चाकाला लोखंडी धाव असलेली गाडी प्रत्येक दगडाचा दणका बैलांच्या खांद्याला आणि मालाला देई. मग हवेच्या टायरची गाडी आली. तिला आपण डनलप गाडी म्हणू लागलो, ते बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप यांच्या नावावरून. ते धंद्याने जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीला दणके बसू नयेत म्हणून त्यांनी हवेची धाव केली आणि १८८८ साली पेटंट घेतले. हवा ही सर्वांत स्वस्त गादी आहे, हे आपल्या बैलांना तेव्हापासून ठाऊक आहे.

आता सांगोला तालुक्यातल्या एका घरची गोष्ट सांगतो. बापलेक बाग पाहतात, पिकअप घरचीच. साठ क्रेट, म्हणजे बाराशे किलो माल भरला की गाडी मागे बसते, म्हणून मुलाने कमानीत दोन पाटे जादा घालून घेतले होते. गाडी बसायची थांबली, पण डागी फळ वाढले. मी गेलो तेव्हा घरच्या बाई प्रतवारी करत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मार लागलेलं फळ सगळ्या गाडीत सारखं नसतंय. मागच्या रांगेतल्या वरच्या क्रेटात जास्त असतंय." पुस्तकातही हेच आहे. मागच्या ॲक्सलच्या वर आणि त्याच्या मागे गाडी सर्वांत जास्त उसळते, आणि थप्पीतला वरचा क्रेट सर्वांत जास्त थरथरतो. डाळिंबाचे कातडे वरून धड दिसते. आत दाणे तपकिरी पडलेले असतात. ते कळते अडत्याच्या गाळ्यावर.

मुलाने मोबाईलवर परदेशातल्या वाळवंटी शर्यतीच्या गाड्या पाहिल्या होत्या. "साहेब, तसले हवेचे शॉकअप बसवू या का?" असे त्याने विचारले. त्याला जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो.

त्या शर्यतीच्या शॉकअपमध्ये एकाच नळकांड्यात तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन असतो. नायट्रोजन गाडी पेलतो, तेल उसळी मारते. नायट्रोजनचा दाब वाढवला की गाडी उंच होते. तेल वाढवले की वायूला जागा कमी उरते आणि शेवटचा दणका कडक होतो. पण फार वेळ आदळत राहिले की ते तापतात आणि गाडीची उंचीच बदलते. हलक्या गाडीला ते ठीक. बाराशे किलो माल वाहणे हे त्यांचे काम नव्हे.

आपल्या कामाचे ते हवेचे फुगे. मेकॅनिक त्यांना बलून म्हणतात. रबरी फुगा मागच्या ॲक्सल आणि चासीच्या मध्ये बसतो. कंपनीची कमान जागेवरच राहते. त्याचा गुण सायकलच्या पंपावर पाहा. पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा खाली दाबा. आधी सहज जातो, शेवटी हलत नाही. फुगा तसाच लहान खड्ड्याला मऊ आणि मोठ्या खड्ड्याला कडक. जादा पाटा मात्र सदासर्वकाळ कडक.

मेकॅनिककडून आम्ही कामे या क्रमाने करून घेतली. आधी फुकटची कामे. चाकांतली हवा दारावरच्या कंपनीच्या पट्टीप्रमाणे केली. ती बरीच जादा होती. जुने शॉकअप तेल गाळत होते, ते बदलले. हे विसरू नका. फुगा वजन पेलतो, उसळी मारत नाही. ते काम शॉकअपचेच. मग जादा पाटे काढले. गाडी सपाट जागी उभी करून, रिकामी असताना, मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजून वहीत लिहिली. फुगे बसवताना गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर टेकवली. दोन्ही फुग्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवल्या. एकच नळी असली तर वळणावर हवा एकीकडून दुसरीकडे पळते आणि गाडी कलते. नळ्या सायलेन्सरपासून लांब बांधल्या आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून गळती पाहिली.

नंतर हवा जुळवणे. रिकाम्या गाडीतही फुगा पूर्ण मोकळा ठेवायचा नाही. पाच-दहा पौंड हवा राहू द्यायची, नाहीतर रबर चिमटते. साठ क्रेट भरून आम्ही पाच-पाच पौंडांनी हवा वाढवत गेलो आणि दर वेळी उंची मोजली. या गाडीला ३५ पौंड लागले. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल. तो मोजूनच काढा. माल उतरला की हवा कमी करायची, नाहीतर रिकामी गाडी परतीच्या वाटेवर बेडकासारखी उड्या मारते.

इथे एक धोका समजून घ्या. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ दांडीचा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मालाने बसली की तो मागच्या ब्रेकला जोर वाढवून देतो. फुग्यांनी गाडी पार वर उचलली, तर त्या व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामीच आहे, आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणून भरलेली गाडी रिकाम्या उंचीपेक्षा दोन बोटे खालीच राहू द्यावी आणि व्हॉल्व्ह जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. फुग्यामुळे गाडी बसत नाही, याचा अर्थ ती जास्त माल पेलते असा नाही. ॲक्सल, टायर आणि ब्रेक होते तेच आहेत. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाजोगे बदल करता येत नाहीत. म्हणून काम करण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि आर.टी.ओ. कार्यालयात विचारा. अपघात झाला आणि विम्याचा प्रश्न निघाला, तर एका हंगामाच्या फायद्यापायी घर बसते.

त्या घरी पुढच्या खेपांना बाईंनी पहिल्यासारखीच रांगवार डागी फळे मोजली. मागच्या रांगेचा आकडा निम्म्याच्या खाली आला. त्यांत चाकांतल्या हवेचा वाटा किती आणि फुग्यांचा किती, हे वेगळे करून सांगता येणार नाही. मुलगा म्हणाला फुग्यांनी झाले, बाप म्हणाला पोरगा हळू चालवायला लागला म्हणून झाले. बाईंनी क्रेटांत तळाला कागदाची कात्रणे घातली होती आणि थप्पी दोरीने आवळली होती. त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

ज्यांच्याकडे फुग्यांना पैसे नाहीत, त्यांनी निराश होऊ नये. चाकांतली हवा तपासा, शॉकअप पाहा, नाजूक माल मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा, रिकामी जागा सोडू नका, वेग आवरा. आणि पाणंदीवर ज्यांची ज्यांची शेते आहेत त्या चार घरांनी मिळून हंगामाआधी दोन ट्रॉल्या मुरूम टाकून खड्डे बुजवा. त्याचा फायदा डाळिंबाला होतो, दुधाच्या किटल्यांना होतो, आणि दवाखान्यात न्यायच्या बाळंतिणीलाही होतो.