दुसऱ्याच्या मशीनवर

प्रोग्राम लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातलं जे थोडंफार समजलं, त्यात मोठा वाटा एका अवजाराचा आहे आणि ते माझ्या हाती देणाऱ्या एका वरिष्ठ बाईंचा. अवजाराचं नाव सीमेक. बाईंना आपलं नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. ऑफिसात सगळे त्यांना मॅडमच म्हणत.

सीमेक स्वतः प्रोग्राम बनवत नाही. कुठल्या फायलींतून काय तयार करायचं, त्याला कोणकोणत्या लायब्ररी लागतात, हे आपण एका साध्या फाइलीत लिहून द्यायचं. ती वाचून ते विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट, मॅकवर एक्सकोडचा प्रोजेक्ट आणि लिनक्सवर मेकफाइल काढून देतं. लग्नघरचा आचारी सामानाची यादी देतो. चूल लाकडाची की गॅसची, ते ज्याच्या त्याच्या घरी ठरतं. तसंच हे.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सोलापुरात कॉलेजात टर्बो सीवर शिकलो. कंट्रोल आणि एफ-नाइन दाबलं की प्रोग्राम चालायचा. दाबल्यापासून चालेपर्यंत मध्ये काय घडतं, हा प्रश्न कधी पडला नाही. कंपायलर प्रत्येक फाइल वेगवेगळी घेतो आणि लिंकर नंतर ते तुकडे जोडतो, हे परीक्षेत लिहिलं होतं, पण पाच मार्कांचं उत्तर म्हणून. अल्गोरिदम लिहिणं म्हणजे खरं काम आणि बिल्ड म्हणजे कुणीतरी करून ठेवायची हमाली, अशी माझी पक्की समजूत होती.

पुण्यात नोकरी लागली ती सीटी आणि एमआरआयच्या चित्रांवर काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. रुग्णालयांतले संगणक विंडोजचे, आमचे सर्व्हर लिनक्सचे आणि काही डॉक्टर मॅक वापरणारे. एकच प्रोग्राम तिन्हीकडे चालायला हवा होता, आणि तिन्हींच्या बिल्डच्या फायली हातानं सांभाळल्या जायच्या. नवी फाइल लिहिली की तिचं नाव तीन ठिकाणी घालायचं. एक जागा राहिली की तिकडचा बिल्ड ब्रेक, आणि ते कळणार दुसऱ्याला, दुसऱ्या दिवशी. मी विंडोजवर काम करायचो. माझ्याकडे चालतंय म्हणजे झालं, एवढंच मला समजायचं.

मॅडमनी मला इनसाइट टूलकिट, म्हणजे आयटीके, लिनक्सवर बिल्ड करायला सांगितलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. सोर्सचं फोल्डर त्यांनी मला दाखवलं आणि त्याला हात लावायचा नाही म्हणाल्या. बिल्डसाठी बाहेर रिकामं फोल्डर करायला लावलं. सीमेकच्या खिडकीत पहिल्यांदा कॉन्फिगर दाबलं तेव्हा यादीतल्या सगळ्या ओळी लाल झाल्या. काहीतरी बिघडलं असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "लाल म्हणजे चूक नाही. ते तुला विचारतंय. वाच एकेक." चाचण्या बांधायच्या का, उदाहरणं बांधायची का, अंतिम फायली कुठे ठेवायच्या, असे ते प्रश्न होते. उत्तरं देऊन पुन्हा कॉन्फिगर दाबलं, लाल रंग गेला आणि मग जनरेट.

बिल्ड संपायला बराच वेळ लागला. तो संपल्यावर मॅडमनी ते अख्खं फोल्डर माझ्यादेखत डिलीट केलं. माझ्या पोटात धस्स झालं. "आता परत कर," त्या म्हणाल्या, "सोर्स आणि ती फाइल शाबूत आहे ना? मग घाबरतोस कशाला?" नव्यानं सगळं उभं राहिलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या मशीनवर हळूहळू जमलेल्या, कुठेही न लिहिलेल्या गोष्टींवर माझं काम किती टेकलेलं होतं. जे लिहिलेलं नाही ते दुसऱ्याकडे पोचतच नाही.

हे अवजार कुठून आलं, ते त्यांनीच चहाच्या वेळी सांगितलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं व्हिजिबल ह्यूमन प्रकल्पात मानवी शरीराच्या पातळ छेदांची चित्रं तयार केली. पुरुषाची १९९४ मध्ये आणि स्त्रीची १९९५ मध्ये खुली झाली. अशा चित्रांतून अवयव वेगळे काढायला आणि दोन चित्रं एकमेकांवर जुळवायला खुलं सॉफ्टवेअर हवं होतं. १९९९ मध्ये त्यासाठी कंत्राटं दिली गेली, आणि त्यातून आयटीके झालं. लिहिणारे वेगवेगळ्या विद्यापीठांतले आणि कंपन्यांतले, प्रत्येकाचं मशीन वेगळं. युनिक्सवाल्यांकडे ऑटोकॉन्फ होतं, पण त्याला युनिक्सचा शेल लागायचा, आणि विंडोजवर तो नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन पार्कच्या किटवेअर कंपनीत बिल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सीमेक लिहिलं. सी प्लस प्लस कंपायलर असला की ते स्वतः उभं राहावं, त्याला आणखी कशाचा आधार लागू नये, हा त्यांचा आग्रह होता. ज्या कंपायलरवर प्रोग्राम बांधायचा, तो तर प्रत्येकाकडे असणारच.

हे ऐकून मला फार वाटलं. सरकारी पैशातून, डॉक्टरांसाठी म्हणून हे काम झालं आणि कुणालाही वापरायला मोकळं ठेवलं गेलं. २००६ मध्ये केडीईसारख्या अवाढव्य प्रकल्पानं ते स्वीकारलं, पुढे एलएलव्हीएमनं ऑटोकॉन्फ सोडून दिलं, क्यूटी ६ तर त्यावरच बांधलं जातं. पण माझ्यापर्यंत ते आलं ते मेंदूच्या आणि यकृताच्या चित्रांच्या वाटेनं, म्हणजे ज्यासाठी ते जन्मलं त्याच कामातून. याची मला अजूनही अपूर्वाई वाटते.

दुसरं वळण काही वर्षांनी आलं. तोपर्यंत आमच्याकडे सगळी हेडरची फोल्डरं सीमेकच्या फाइलीत वरच लिहून ठेवलेली असत. कुणीही कुणाचंही हेडर घ्यावं, सगळं सगळ्यांना दिसावं. २०१३ मध्ये सीमेकच्या २.८ मालिकेच्या शेवटच्या आवृत्त्यांत टार्गेटनिहाय लिहायची सोय आली. प्रत्येक लायब्ररीपुढे तीन शब्दांतला एक लिहायचा. पब्लिक म्हणजे मलाही लागते आणि मला वापरणाऱ्यालाही, प्रायव्हेट म्हणजे फक्त माझ्या आतल्या कामाला, इंटरफेस म्हणजे मला नाही, पण मला वापरणाऱ्याला.

मॅडमनी आमच्या सगळ्या फायली अशा बदलायला दिल्या. मला ते टायपिंगचं काम वाटलं. प्रत्यक्षात प्रत्येक ओळीपाशी थांबावं लागलं. डायकॉम फायली वाचणाऱ्या आमच्या मॉड्यूलला एक्सएमएलची लायब्ररी लागते. ती पब्लिक की प्रायव्हेट? हेडर उघडून पाहावं तर एका फंक्शनच्या सहीत एक्सएमएलचा प्रकार बसलेला. म्हणजे चित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला, नको असताना, एक्सएमएलही गळ्यात घ्यावं लागत होतं. ते फंक्शन आत ढकललं, पब्लिकचं प्रायव्हेट केलं, आणि त्यावर अवलंबून असलेली निम्मी मॉड्यूलं मोकळी झाली. रचना म्हणजे काय यावरची पुस्तकं मी वाचली होती. पण आपल्या कामाचा भार कुणावर पडतो, हा प्रश्न रोज, ओळीओळीला विचारायची सवय मला त्या एका शब्दाच्या निवडीनं लागली. हे मी दुसरीकडे कुठेच शिकलो नाही.

विंडोज आणि लिनक्सनंही मग खूप शिकवलं. फाइलचं नाव कॅपिटल अक्षरानं सुरू की छोट्या, हे विंडोजला चालतं, लिनक्सला नाही. लायब्ररीतलं काय बाहेर दिसू द्यायचं, हे लिनक्सवर न सांगता भागतं, विंडोजवर स्पष्ट जाहीर करावं लागतं. नंतर एआरएम बोर्डसाठी काम आलं, तेव्हा तर जिथे बांधायचं तिथे चालवताच येत नव्हतं. टूलचेनची वेगळी फाइल लिहायची, लक्ष्य कुठलं ते सांगायचं आणि आपल्या मशीनबद्दलची सगळी गृहीतं बाजूला ठेवायची.

हल्लीची मुलं सीमेकच्या भाषेवर नाराज असतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तिथे यादी म्हणजे अर्धविरामांनी जोडलेला मजकूर, अवतरण चिन्ह राहिलं की अर्थ बदलतो, एकच गोष्ट जुन्या आणि नव्या अशा दोन तऱ्हांनी लिहिता येते. पण या जुनेपणामागे एक शब्द पाळलेला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. वागणूक बदलायची वेळ आली की सीमेकचे लोक तिला क्रमांक देऊन पॉलिसी म्हणून नोंदवतात. जुनी रीत काय, नवी काय, दोन्ही लिहून ठेवतात. फाइलीच्या पहिल्या ओळीत आपण किमान आवृत्ती लिहिलेली असते. ती पाहून सीमेक ठरवतं की या माणसाशी जुन्या रीतीनं वागायचं. दूरच्या, अनोळखी माणसाची फाइल आपल्या सुधारणेपायी मोडू नये, म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं एवढे कष्ट घेतंय.

जुन्या रीतीची मुदतही कधीतरी संपतेच. २०२५ मध्ये सीमेक ४.० आलं आणि ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी जुळवून घेणं बंद झालं. आमच्या एका जुन्या प्रकल्पाच्या पहिल्या ओळीत २.८ होतं. ती ओळ मॅडमनी लिहिलेली. नुसता आकडा वाढवून भागलं नसतं. मध्ये जेवढ्या पॉलिसी बदलल्या होत्या, त्यांतल्या आम्हाला लागू पडणाऱ्या एकेक वाचून काढल्या. मॅकवर लायब्ररीचा मार्ग कसा नोंदवायचा, त्याची रीत बदलली होती, तिथे दोन ओळी दुरुस्त कराव्या लागल्या.

मॅडम आता निवृत्त होऊन साताऱ्याला असतात. त्या संध्याकाळी त्यांना फोन करून सांगितलं, की तुमची ती ओळ आज बदलावी लागली. आभार मानायचे होते, ते नीट जमलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिन्हीकडे टेस्ट पास झाल्या का?"

विंडोज आणि लिनक्सच्या झाल्या होत्या. मॅकच्या फोन ठेवल्यावर लावल्या.