परमुलखातील हंगाम

माझे वडील निजामी अमदानीत अंबडच्या तहसील कचेरीत मोहरीर, म्हणजे कारकून, म्हणून रुजू झाले, आणि पुढे पोलीस अ‍ॅक्शन, हैदराबाद राज्य, १९५६ चे द्विभाषिक मुंबई राज्य व १९६० चे महाराष्ट्र राज्य अशी स्थित्यंतरे होत गेली तरी त्यांचे मेज काही हलले नाही. खुर्ची न सोडता चार सरकारांचा पगार घेतलेला इसम म्हणून ते स्वतःची थट्टा करीत. बदल्या झाल्या त्याही भोकरदन, जाफराबाद, जालना अशा बैलगाडीच्या नाहीतर एसटीच्या पल्ल्यातल्या. सेतवार आणि खासरापत्रक या जमिनीच्या कागदांवर आयुष्य काढलेल्या या गृहस्थाची एक पक्की धारणा होती की, नोकरी म्हणजे सरकारी दप्तरात उमटलेले नाव, आणि ते नाव एकदा उमटले की माणसाने मुलूख सोडण्याचे कारण उरत नाही. त्यांच्या घरात पाच फूट नऊ इंच उंचीची मुलगी जन्माला यावी आणि तिने बास्केटबॉल खेळावा, हा दैवाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

खेळ जालन्यात आला तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेल्या आमच्या एका सरांबरोबर. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, हिवाळ्यात कोंडलेली पोरे आवरण्याकरिता दहा फुटांवर पीचच्या टोपल्या टांगून, तेरा नियमांचा हा खेळ रचला, हे सरांनी आम्हांला सांगितले. आणि मग त्या दहा फुटांचे माप काटेकोर घेऊन मुरमाच्या मैदानावर दोन लाकडी फळ्या उभ्या केल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या मुरमावर शिंपायला पाणी नसे. वडील दुष्काळी कामांच्या खडीकेंद्रांवरचे हजेरीपट तपासून रात्री परतत आणि मी पायाला चिकटलेली लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसत असे; या दोन्ही कामांत आईला सारखाच जीव नकोसा होई. माझ्या उंचीमुळे सरांनी मला रिंगेखाली उभे केले, आणि आईला वराची उंची शोधण्याचे काम लागले.

मराठवाडा विद्यापीठाच्या संघातून खेळत असताना मला प्रथम समजले की, या देशात उत्तम बास्केटबॉल खेळणाऱ्याची अंतिम आकांक्षा ‘जागा लागणे’ ही असते. रेल्वे, बँका, पोलीस दले, तेल महामंडळ यांच्या क्रीडा कोट्यांत ज्याची निवड झाली तो तरला. त्याने सकाळी सराव करावा, दुपारी सही करावी, वर्षातून काही स्पर्धांत आपल्या खात्याचा झेंडा उंचावावा आणि अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन घ्यावे. या व्यवस्थेची हेटाळणी मी करणार नाही. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकपर्यंत गेलेला आपला पुरुष संघ असल्याच नोकऱ्यांच्या आधारावर उभा होता, आणि कित्येक गरीब घरांतील मुलींना हुंड्याच्या बाजारातून सोडवले ते या कोट्यानेच. मला रेल्वेत जागा लागली नाही. मी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि घनसावंगीकडच्या एका शाळेत नोकरी धरली, ती निवृत्तीपर्यंत.

२००६ साली वृत्तपत्रात एक लहानशी बातमी वाचली. केरळची गीतू अ‍ॅना जोस, सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, दक्षिण रेल्वेची कर्मचारी, ही ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या रिंगवूड हॉक्स या संघाकडून वेतनी खेळाडू म्हणून खेळण्यास गेली होती. आपल्याकडची एक मुलगी, जिला रेल्वेची जागा आधीच लागलेली आहे, ती परमुलखात केवळ एका हंगामाच्या करारावर जाते, या गोष्टीचा अर्थ लावण्यात माझे कित्येक दिवस गेले. शाळेच्या पालकसभेत मोठ्या उत्साहाने मी ती बातमी वाचून दाखवली, तेव्हा पाठीमागच्या बाकावरून एका वयस्कर पालकांनी शांतपणे विचारले, “पेन्शन असती का तिथं, बाई?” सभा हसली. मीही हसले खरे, परंतु प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते, आणि नंतर विचार करता असे दिसून आले की त्या सभेतला सर्वांत गंभीर प्रश्न तोच होता.

त्याचे उत्तर मला मिळाले २०१६ च्या जूनमध्ये, मेलबर्नलाच. माझी मुलगी त्या शहराच्या पूर्व अंगाला राहते; तिच्या घराजवळ एका स्थानिक संघाचे बंदिस्त क्रीडागार होते, आणि शनिवारी संध्याकाळी तेथे व्हिक्टोरिया राज्याच्या साखळीतले महिलांचे सामने होत. जालन्यात आभाळाकडे डोळे लावून बसण्याचे ते दिवस. तेथे मात्र कडाक्याचा हिवाळा. दूरचित्रवाणीवरच्या अमेरिकन सामन्यांतले दिव्यांचे लोळ आणि वीस हजारांची गर्दी मनात धरून मी गेले होते. प्रत्यक्षात दाराशी एक आजीबाई तिकिटे फाडीत होत्या, खेळाडूंच्याच आया गरम बटाट्याचे काप विकीत होत्या, लहान मुली लॉटरीची पुस्तके घेऊन बाकांमधून फिरत होत्या, आणि प्रेक्षक मोजके. खेळ मात्र असा की, मी आयुष्यभर ज्याला वेग म्हणत आले होते तो सावकाशपणाच ठरावा. बचाव करताना पाय कसे सरकवावेत, हे मी तीस वर्षे मुलींना शिकवले. ते प्रत्यक्षात कसे असते हे मी त्या संध्याकाळी पाहिले.

त्या संघात एक अमेरिकन खेळाडू होती. तिचे नाव मी लिहीत नाही. सार्वजनिक कीर्तीची ती बाई नव्हे, आणि तसे तिने कधी भासवलेही नाही. अशा परदेशी खेळाडूला तेथे सर्रास ‘इम्पोर्ट’ म्हणतात, जणू ती मोसंबीची पेटी. आणि बहुतेक साखळ्यांचा नियम ठरलेला असतो की, एका संघात असे परदेशी इतकेच. सामना संपल्यावर माझ्या मुलीने तिची गाठ घालून दिली. पुढे दर आठवड्याला आम्ही क्रीडागाराच्या पायरीवर बसून बोलत असू. माझे इंग्रजी कचेरीतल्या अर्जासारखे, तिचे भरधाव, आणि दोघींमध्ये दुभाषा म्हणून बास्केटबॉल.

तिने मला जे गणित मांडून दाखवले ते विसरण्याजोगे नाही. अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक साखळीत, जी १९९७ साली सुरू झाली, २०१६ साली संघ होते १२. प्रत्येक संघात खेळाडू फार तर १२. म्हणजे साऱ्या जगातल्या बायकांसाठी जागा १४४. महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या उत्तम खेळाडू हजारोंनी. उरलेल्यांनी करायचे काय? त्या जग फिरतात. ती स्वतः पोर्तुगाल, रुमानिया आणि इस्रायल येथे खेळून आली होती. यातल्या बहुतेक ठिकाणी हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात संपे, आणि तो संपला की दक्षिण गोलार्धातला हिवाळी हंगाम धरून ती ऑस्ट्रेलियाला येई. संघ राहण्यास खोली देई, वापरायला जुनी मोटार देई, दरमहा ठरीव रक्कम देई. मोबदल्यात दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, आणि आठवडाभर शाळांतून लहान मुलींना शिकवणे. एखादी स्थानिक खेळाडू दोन सामने वाईट खेळली तर लोक म्हणतात, बिचारी थकली. परदेशी खेळाडू दोन सामने वाईट खेळली तर व्यवस्थापक दुसरीच्या चित्रफिती पाहू लागतो. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. हवामान सांगावे तसे सांगितले.

एका देशात (तो वरीलपैकी कोणता हे गुलदस्तात राहू द्यावे) तिचा पगार हंगामाच्या मध्यावर थांबला होता. अशा वेळी दाद मागायला जागा आहे: आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २००७ साली एक लवाद स्थापन केला आहे, तो जिनेव्हात; करारात त्या लवादाचे कलम असेल तर खेळाडू तेथे फिर्याद नेऊ शकतो. परंतु फिर्यादीचे शुल्क आधी भरावे लागते, आणि ज्याचा पगार थकलेला आहे त्यानेच ते भरायचे! तिच्या दलालाने ‘थांब, देतील’ असे सांगितले, ती थांबली, आणि निम्मे मिळाले त्यात समाधान मानून पुढच्या देशाला गेली. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना आधीच्या देशाच्या महासंघाचे मुक्ततापत्र लागते. ते पत्र हाती येईपर्यंत नव्या संघाच्या बाकावर साध्या कपड्यात बसून राहावे लागते, हेही तिच्याकडूनच कळले.

हे ऐकताना मला घनसावंगीची शाळा आठवत होती. बीडइतके नसले तरी आमच्या मंठा, परतूर, घनसावंगीकडचे कित्येक तांडे आणि वस्त्या दसरा उलटला की ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये भांडीकुंडी घालून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, आणि माझ्या हजेरीपटावरच्या मुलींच्या नावांपुढे उन्हाळ्यापर्यंत फुल्या पडत जात. हंगामाचा करार, मध्यस्थाचा हिस्सा, परक्या गावात ‘बाहेरचा’ म्हणून ओळख, आणि अंग धड आहे तोवरच किंमत: या अमेरिकन पदवीधर बाईचा पेशा मला समजला तो दूरचित्रवाणीवरच्या तारकांमुळे नव्हे, तर कोयत्यामुळे. अर्थात साम्य ताणू नये. तिच्यापाशी पासपोर्ट होता, पदवी होती, आणि नको असेल तर परतण्याचे स्वातंत्र्य होते. उचल फिटेपर्यंत माझ्या विद्यार्थिनींच्या आईबापांना ते नसे. परंतु तोडणीला जोडपे एकत्र जाते आणि रात्री एका चुलीशी बसते; ही बाई दरवर्षी नव्या देशातल्या नव्या खोलीत एकटीच कुलूप उघडत होती.

तेव्हापासून आपल्या वृत्तपत्रांतल्या बास्केटबॉलच्या बातम्या मी निराळ्या नजरेने वाचू लागले. २०११ साली गीतू जोस अमेरिकेत शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या तीन संघांच्या चाचणीस गेली. निवड झाली नाही, आणि आपल्याकडे त्या बातमीवर पडदा पडला. २०१५ च्या जूनमध्ये पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग अमेरिकेतील पुरुषांच्या साखळीतल्या डॅलसच्या संघाने बावन्नाव्या क्रमांकावर निवडला तेव्हा गुलाल उधळला गेला. मुख्य संघातून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, तो दुय्यम साखळीत टेक्सासमध्ये आणि पुढे कॅनडात खेळला, तेव्हा त्याच लेखण्यांनी निःश्वास टाकले. अमृतपाल सिंग जपानात खेळून २०१७ साली सिडनी किंग्जमध्ये गेला, या गोष्टीची मात्र आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणाला वार्ताही नव्हती. आपण शिखर तेवढे मोजतो. शिखरावर मोजकीच माणसे मावतात, आणि व्यवसाय नावाची जी गोष्ट आहे ती खालच्या उतारावर, आजीबाई तिकिटे फाडतात त्या क्रीडागारांत चालते. तेथे वर्षानुवर्षे, देश बदलत, गुडघ्याला पट्टी बांधून जो स्वतःची जागा राखतो त्याला अयशस्वी म्हणणे हे खेळाचे अज्ञान होय. गीतू जोसला २०१४ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पण माझ्या लेखी तिचे मोठेपण रिंगवूडला परत बोलावले जाण्यात अधिक आहे, कारण परदेशी खेळाडूला पुढच्या हंगामासाठी पुन्हा बोलावणे येते ते सौजन्याखातर नव्हे.

निवृत्तीनंतर मी जालन्यास राहते. सकाळी जिल्हा क्रीडा संकुलावर काही मुली येतात; त्यांत मंठ्याकडच्या तांड्यावरची एक आहे, जिने वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत अर्धी शाळा उसाच्या फडात काढली. उंची बेताची, पण हात लांब आणि चेंडूवरची नजर पक्की. एके दिवशी मी त्या सर्वांना मेलबर्नच्या बाईची हकीकत सांगून, वहीत टिपून आणलेली कराराची कलमे वाचून दाखवली: पगाराची तारीख, दुखापतीचा खर्च, राहण्याची सोय, दलालाचा हिस्सा, लवादाचे कलम. बाकीच्या मुली कंटाळल्या, त्यांना ले-अप हवे होते. ही एकटी पुढे सरकून बसली.

“मॅडम, उचल देतात का?”

सहसा देत नाहीत, विमानाचे भाडे देतात, असे मी सांगितले.

“जायचं भाडं का यायचंबी? मधीच काढून टाकलं तर?”

परतीच्या भाड्याचे मी विचारलेच नव्हते. त्या रात्री मेलबर्नच्या मैत्रिणीला पत्र पाठवले. ती तेव्हा युरोपातल्या कुठल्याशा गावी होती. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: परतीचे तिकीट ती सही करण्यापूर्वीच हातात मागते, आणि तेही तारीख बदलता येईल असे. हा प्रश्न विचारणारी मुलगी कोण आहे, आणि ती कोणत्या जागेवर खेळते, असेही तिने खाली विचारले होते.