घाटावरून समुद्राचा अर्ज

समुद्राचं शिकायचं म्हटलं की बेळगावच्या वडगावात पहिला सवाल ठरलेला: "म्हंजे मासळी खात्यात काय गं?" तसं नाही. मत्स्यशास्त्राची वाट वेगळी, रत्नागिरीच्या शिरगावची नाहीतर मंगळूरची. तिथं पदवीपासूनच मासे. सागरविज्ञानाच्या एम.एस्सी.ला मात्र भौतिक, रसायन, प्राणिशास्त्र अशी साधी बी.एस्सी.सुद्धा चालते. कुठल्या विद्यापीठाला कुठला विषय चालतो, तेवढं माहितीपत्रकात बघून घ्यायचं.

*

जवळची दारं दोन. चोर्ला घाट उतरला की गोवा विद्यापीठ, ताळगावच्या पठारावर. प्रवेशपरीक्षेचं नाव जीयू-आर्ट, चित्रकलेशी संबंध नाही. दुसरं कारवारला, कोडीबागेत काळी नदीच्या मुखाशी: धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग. २०१० पर्यंत बेळगावची कॉलेजंही धारवाडचीच होती. राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि आपली पोरं तिथं 'इतर विद्यापीठा'ची झाली. मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच काढून ठेवावं.

*

कागदांचं. नाडकचेरीतला २अ किंवा ३ब प्रवर्गाचा दाखला कर्नाटकापुरता. केंद्रीय संस्थेला ओबीसी दाखला केंद्राच्या यादीप्रमाणे, वेगळ्या नमुन्यात. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'टाइप ई' असा वेगळा प्रकार आहे. गोव्याच्या फॉर्मात तसला रकाना शोधू नये.

*

घरच्यांचा प्रश्न पगाराचा, आणि तो रास्त आहे. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट परीक्षा, त्यात पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्र पेपर असतो. जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. मागावर बसणाऱ्या घराला हा आकडा सांगावा, 'करिअर' हा शब्द सांगू नये.

*

दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ची. तिचे संचालक आणि पुढं गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले सतीश शेट्ये मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांचं काम किनाऱ्यालगतच्या प्रवाहांवर, मांडवी-जुवारीच्या मुखांवर. तेव्हा गणित कच्चं असेल तर आधी ते, पोहणं मागाहून.

*

परदेशातल्या विद्यापीठासाठी लिहिलेला एक अर्ज वाचायला आला. सुरुवात: 'लहानपणापासून निळ्या समुद्राचं वेड.' खोडायला सांगितलं. वडगावच्या पोरीनं समुद्र बघितला तो सहलीत, तोही गाडी लागून अर्धमेली झाल्यावर.

त्याऐवजी बळ्ळारी नाला लिही म्हटलं. शहराचं सांडपाणी घेऊन येतो, जोराच्या पावसात बासमतीच्या शिवारात पसरतो, भात कुजतं, हे तू बघितलंयस. तेच पाणी घटप्रभेतून कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात जातं. शेजारच्या खानापूर तालुक्यात मलप्रभा पूर्वेची वाट धरते, म्हादई पश्चिमेची. तीच पणजीला मांडवी. एका तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांना. त्या पाण्याबरोबर काय काय जातं, हा सागरविज्ञानाचाच प्रश्न आहे.

नवा मसुदा आला. नाला आहे, भात आहे, पण पाण्याचा एकही आकडा नाही. परत पाठवला: कॉलेजच्या प्रयोगशाळेत नाल्याच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोज, पावसाआधी आणि पावसानंतर. मग लिही.