लेक फोर्कचे वाटाडे

टेक्सासमधल्या डॅलसहून गाडीनं पूर्वेकडे निघालं, की दीड-दोन तासांत लेक फोर्क लागतं. बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी गळ टाकणाऱ्यांची ही पंढरी. मी मत्स्यजीवशास्त्राचा अभ्यासक आहे आणि गळाची हौसही मला आहे. पण या तलावाची खरी ओढ लागली ती इथल्या फिशिंग गाईडमुळे. मोठा मासा कुठे सापडेल, हे या वाटाड्यांना कळतं आणि तो पुन्हा पाण्यात का गेला पाहिजे, हेही कळतं. कारण दोन्ही गोष्टींवर त्यांचं पोट चालतं. लेक फोर्कच्या यशाचं मर्म मला इथेच दिसतं.

हा तलाव धरणाचा. सबाईन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क क्रीकवर १९८० मध्ये पाणी अडवलं गेलं आणि सुमारे २७ हजार एकर जमीन पाण्याखाली गेली. बऱ्याच भागातली झाडं तोडलीच नव्हती. कुरणं, रस्ते, गुरांची तळी, त्या तळ्यांचे बांध, सगळं जागच्या जागी बुडालं. बास दबा धरून शिकार करतो, त्याला आडोसा लागतो. तो इथे आयताच मिळाला. शिवाय धरण भरण्याआधीच त्या तळ्यांमध्ये फ्लोरिडाच्या वाणाचे बास सोडले होते. हा वाण अंगानं मोठा होणारा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गाईडबरोबर निघावं. ठरलेल्या जागेच्या बऱ्याच अलीकडे तो मोठं इंजिन बंद करतो आणि विजेवर चालणारी छोटी मोटर पाण्यात सोडतो. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेखेला पाण्यातली बारीकशी थरथरही जाणवते, म्हणून ही खबरदारी. मग तो पाण्यातून वर आलेल्या वठलेल्या खोडांकडे बोट दाखवतो. खोडांच्या दोन ओळी समांतर चालल्या असतील, तर ते जुन्या ओढ्याचे काठ. ओढा जिथे वळतो तिथे खोल पाणी उथळाच्या अगदी जवळ येतं. पाणी १५-१६ अंश सेल्सियसपर्यंत तापलं, की नर उथळावर शेपटीनं तळ साफ करून घरटं करतो. अंड्यांनी जड झालेली मादी त्याआधी अशाच वळणावर थांबते. नौकेवरच्या सोनारच्या पडद्यावर खोली दिसते, खोडं दिसतात, मासेही दिसतात. पण आज, या वाऱ्यात, मादी कुठल्या वळणावर असेल, हे गाईड वर्षानुवर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

इथलं नेहमीचं आमिष म्हणजे मऊ प्लास्टिकचा लांबट किडा. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन ओवतात आणि गळाचं टोक किड्याच्याच अंगात लपवतात, म्हणजे ते फांद्यांत अडकत नाही. आमिष खोडाच्या पलीकडे टाकायचं आणि दोरी किंचित सैल ठेवून तळाला जाऊ द्यायचं. बऱ्याचदा मासा ते बुडतानाच उचलतो. हाताला काही कळायच्या आत दोरी हळूच बाजूला सरकू लागते. गाईडची नजर म्हणूनच दोरीवरून हटत नाही. त्यानं सांगितलं, की दोरी ताणून घ्यायची आणि एकच जोरदार हिसका द्यायचा. मग मासा उसळी घेतो, जबडा वासून डोकं झटकतो. त्या क्षणी दोरी ढिली पडली तर गळ सुटलाच.

मासा हाती आल्यावर खरा गाईड कळतो. तो ओल्या हातानं खालचा जबडा धरतो आणि दुसरा हात पोटाखाली घालतो. जड मासा नुसत्या जबड्यावर लटकवला तर जबड्याला इजा होते. लगेच मोजपट्टी येते. १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास इथे परत सोडावाच लागतो आणि २४ इंचांचा किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. नियम असा असण्याला शास्त्र आहे. अगदी मोठे बास बहुतेक माद्याच असतात आणि त्या आकाराला पोचायला त्यांना अनेक वर्षं लागतात.

नोव्हेंबर १९८६ मध्ये इथल्याच मार्क स्टीव्हन्सन या गाईडनं १७.६७ पौंडांची, म्हणजे आठ किलोंची मादी पकडली. तो राज्याचा विक्रम होता. त्यानं ती मारली नाही, राज्याच्या मत्स्य विभागाकडे जिवंत सोपवली. ‘एथेल’ नावानं ती पुढे १९९४ पर्यंत मिझुरीतल्या एका मत्स्यालयात जगली. तिच्यापासून सुरू झालेली शेअरलंकर योजना आजही चालू आहे. विणीच्या हंगामात १३ पौंडांवरची मादी पकडणारा ती विभागाला उसनी देतो, तिची बोटुकली तलावांमध्ये सोडली जातात आणि मादी आपल्या पाण्यात परत जाते. १९९२ मधला १८.१८ पौंडांचा राज्यविक्रमही याच तलावातला.

हे वाचून कुणाला बास आपल्याकडे आणावासा वाटला, तर माझा ठाम विरोध आहे. जपाननं १९२५ मध्ये तो आणला. स्थानिक माशांवर संकट आल्यावर २००५ मध्ये कायद्यानं त्याला घातक परकी प्रजात ठरवावं लागलं. आणायची तर इथली रीत आणावी. आपलं उजनी धरणही १९८० मध्येच पूर्ण झालं. भीमेचं जुनं पात्र कुठे वळतं, बुडालेले बांध आणि विहिरी कुठे आहेत, हे तिथल्या मच्छीमारांना ठाऊक आहे. पण बारीक आसाच्या जाळ्यात बोटुकली निघाली, तर ही जाण उपयोगाची राहत नाही. नियम ठरवताना या माणसांना सोबत बसवावं आणि मोठी मादी पाण्यात राहिली तर चार पैसे त्यांच्याच घरात येतील, अशी सोय करावी. लेक फोर्कवर मासे मोजपट्टीमुळे टिकले, आणि मोजपट्टी टिकली ती गाईडची भाकरी तिच्यावर अवलंबून होती म्हणून.