बॅलन्स संपला

प्रीपेड घ्यावं की पोस्टपेड, या प्रश्नाचं उत्तर लोक दरपत्रकात शोधतात. मला तो मुळात भरवशाचा प्रश्न वाटतो: कोणी कोणावर विसंबायचं? ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाइल सुरू झाला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, वर आलेल्या कॉलचेही पैसे पडत. एवढं बिल गिऱ्हाईक भरेल याची कंपनीला खात्री हवी, म्हणून अनामत आली, पत्त्याची शहानिशा आली. प्रीपेडने ती कटकट संपवली. किराणा दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीचाच तो न्याय. पण ज्याला कोणी उधार देतच नव्हतं, त्याला या पाटीने दुकानात घेतलं. मे २००३पासून इनकमिंग फुकट झालं, तेव्हा तर खिशात चार रुपयांचा बॅलन्स असलेला माणूसही जगाला सापडू लागला. टपरीवर दहाचा रिचार्ज, कार्डावरची चंदेरी पट्टी नखाने खरवडून टिपलेले आकडे, ‘पोहोचलो’ एवढंच सांगणारा मिस्ड कॉल, यांवर आमच्या पिढीने वर्षं काढली. २००९मध्ये सेकंदाचा हिशेब आला आणि प्रीपेडचं तत्त्व पूर्णत्वाला गेलं: वापराल तेवढंच द्या.

ते तत्त्व आज उरलेलं नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. २०१६मध्ये जिओ आल्यावर बोलणं जवळपास फुकट झालं आणि पैसे दिवसांचे लागू लागले. २०१८च्या अखेरीस इतर कंपन्यांनीही किमान रिचार्जची अट घातली. पॅक संपला की काही दिवसांनी इनकमिंगसुद्धा बंद. म्हणजे प्रीपेड हे आता आगाऊ भाडं झालं आहे. त्यातही महिना २८ दिवसांचा. बारा पॅक घेतले तर ३३६ दिवस भरतात, उरलेल्या २९ दिवसांसाठी तेरावा घ्यावाच लागतो. ८४ दिवसांचा पॅक घेऊन यातून सुटलो असं वाटतं. चार वेळा घेऊन पाहा, पुन्हा ३३६च. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २०२२मध्ये निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवायला लावला खरा, पण दुकानदाराच्या तोंडी अजूनही ‘अठ्ठावीसवाला’च असतो.

यावर कोणी म्हणेल, तरी प्रीपेड स्वस्त पडतं आणि बिलाचा धसका नसतो. स्वस्ताईचं मान्य. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. पोस्टपेडच्या जाहिरातीतले ३९९ रुपये १८ टक्के कर लागून बिलावर ४७० रुपये ८२ पैसे होतात. परदेशात रोमिंगचा पॅक न घेता डेटा चालू राहिला, तर धसका खराच. पण घरबसल्या आवाक्याबाहेर जाणारी बिलं आता विरळा. उलट पॅक संपून काही दिवस गेले की ओटीपी येत नाही आणि बँकेचं काम अडतं, ही किंमत दरपत्रकात दिसत नाही. ज्याचा पगार एक तारखेला होतो आणि बिलावर नजर टाकण्याइतका ज्याला धीर आहे, त्याने पोस्टपेड घ्यावं, असं मी म्हणेन.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रोजंदारीवरच्या माणसाला पगारदाराचा सल्ला काय कामाचा? त्याला महिना कोरडा गेला तर रिचार्ज टाळता येतो, बिल टाळता येत नाही. बरोबर आहे, त्याच्यासाठी प्रीपेडच. पण या व्यवस्थेत त्याचंच जास्त जातं. वर्षाचे पैसे एकरकमी मोजणाऱ्याला दिवस स्वस्त पडतो, अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांवर चालणाऱ्याला महाग. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक सक्तीचे केले. बटणांचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नको असलेल्या इंटरनेटचे पैसे भरायला लागू नयेत म्हणून. कंपन्यांनी ते आणले, तेही बहुतेक ८४ आणि ३६५ दिवसांचे. दहा रुपये टाकून, ते संपेपर्यंत फोन चालू ठेवण्याची सोय मात्र त्यांत नाही.